ओट्यासाठी दगड निवडताना

पिंपरी-चिंचवडच्या निगडी-प्राधिकरणातल्या जुन्या घरांत ओटा बहुधा कडप्प्याचा. हा काळा चुनखडक स्वस्त. पण चिंच-लिंबाच्या आंबटाने त्यावर पांढुरके डाग उठतात. संगमरवराचेही तेच. म्हणून नूतनीकरणात ग्रॅनाइट पुढे येतो. पिंपरी-चिंचवडखालचा खडक बेसॉल्ट, त्यामुळे ग्रॅनाइट बाहेरून आणावा लागतो. तो आंबटाला दाद देत नाही, गरम कुकरही सोसतो. फिकट रंगावर मात्र हळद-तेल मुरू नये म्हणून सीलर लावावा लागतो. क्वार्ट्झच्या ओट्यात सुमारे ९० टक्के खनिज आणि बाकी रेझिन असते. तो डाग सहज धरत नाही, पण तापलेल्या तव्याने रेझिन करपते. त्याच्या कापणीच्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये या क्वार्ट्झच्या ओट्यांवर बंदीच घातली. धूळ ग्रॅनाइटचीही घातक, तेव्हा कापणी पाणी मारतच करून घ्यावी.