हिशेब पाण्यात जाऊ देऊ नका

१० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरारची लोकल बंद पडली. अशा पावसात दुकानात पाणी शिरले तर भिजलेले कापड निदान सवलतीत विकता येते. पण बिघडलेल्या संगणकातली उधारी कशी वसूल करणार? जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो.

पुष्कळ व्यापारी बंधू रोजचा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवतात. ते चांगलेच, पण डिस्क बिघडली की विंडोज, हिशेबाचा प्रोग्राम, प्रिंटर सारे नव्याने बसवावे लागते. त्यावर उपाय क्लोनिंगचा. यात संपूर्ण डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरते. हीच नक्कल एका मोठ्या फाइलच्या रूपातही ठेवता येते. तिला ‘इमेज’ म्हणतात. क्लोनझिला हा प्रोग्राम त्यासाठी मोफत मिळतो. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करून काम करायचे आणि वेळ आल्यास तीच इमेज नव्या डिस्कवर उतरवायची.

काही खबरदारी घ्यावी. नवी डिस्क जुन्यापेक्षा लहान नसावी. मूळ डिस्क कोणती, नक्कल कोणावर, हे दोनदा तपासावे. उलट झाले तर मूळ हिशेबच पुसला जाईल. काम संपताच बाहेरची डिस्क काढून ठेवावी, नाहीतर व्हायरस तिलाही लागेल. ती दुकानात नव्हे, घरी वरच्या मजल्यावर ठेवावी. आणि एकदा दुसऱ्या डिस्कवर इमेज उतरवून संगणक सुरू होतो का, हे पावसाळ्यापूर्वीच पाहावे.