शेळ्यांचा सांसर्गिक फुप्फुसशोथ

शेळ्यांचा सांसर्गिक फुप्फुसशोथ : मायकोप्लाझ्मा कॅप्रिकोलम या सूक्ष्मजंतूच्या कॅप्रिन्युमोनी या उपजातीमुळे शेळ्यांची फुप्फुसे व त्यांवरील आवरण (परिफुप्फुस) यांना होणारा तीव्र रोग. तो मुख्यत्वे आफ्रिका, मध्यपूर्व व आशियाच्या काही भागांत आढळतो. पूर्वी लागण न झालेल्या कळपात रोग शिरल्यास जवळजवळ सर्व शेळ्या आजारी पडतात व त्यांपैकी ६० ते ८० टक्के दगावू शकतात. ताप ४१° से. च्या वर जातो, खोकला व धाप लागते आणि चालताना शेळी कळपाच्या मागे पडते. शवपरीक्षेत बहुधा एकच फुप्फुस घट्ट झालेले व छातीच्या पोकळीत पिवळसर द्रव साठलेला दिसतो.

अल्जीरियात १८७३ मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन झाले, तेव्हा तो प्रतिकूल हवामानामुळे होतो अशी समजूत होती. १८८१ मध्ये तुर्कस्तानातून आणलेल्या अंगोरा शेळ्यांबरोबर तो दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत पोहोचला. तेथे हचिअन यांनी तो सांसर्गिक असल्याचे दाखवून दिले व आजारी शेळ्यांची कत्तल आणि उरलेल्यांना लस टोचणे या उपायांनी त्याचे उच्चाटन केले. कारक सूक्ष्मजंतू मात्र १९७६ मध्ये केन्यात प्रथम वेगळा करण्यात आला. तोवर दुसऱ्याच एका मायकोप्लाझ्माकडे कारणत्व दिले जात असल्याने त्या काळातील नोंदी सावधपणे वाचाव्या लागतात.

रोगाचा खरा प्रसार ज्ञात प्रसारापेक्षा अधिक असावा. हा सूक्ष्मजंतू प्रयोगशाळेत अतिशय सावकाश व कष्टाने वाढतो. शिवाय पाश्चुरेला सूक्ष्मजंतूंमुळे होणारा फुप्फुसशोथ व पीपीआर हा विषाणुजन्य रोग यांची लक्षणे याच्याशी मिळतीजुळती असतात. रक्तरसाच्या चाचण्यांनाही मर्यादा आहेत. तीव्र आजारात प्रतिपिंडे पुरेशी तयार होण्यापूर्वीच शेळी मरते, तर बऱ्या झालेल्या शेळीतील प्रतिपिंडांचे प्रमाण लवकर घटते. म्हणजे साथ ओसरल्यावर केलेल्या पाहणीत मोजल्या जातात त्या वाचलेल्या शेळ्या. त्यामुळे चाचणीचा निष्कर्ष एकेका जनावरापेक्षा संपूर्ण कळपाला लावणे अधिक युक्त ठरते.

शरीराबाहेर हा सूक्ष्मजंतू फार काळ तग धरत नाही. खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांवाटे, निकट सहवासातच तो पसरतो. म्हणूनच बाजारातून आणलेली नवी शेळी, पाणवठ्यावर वा चराईच्या रानात होणारी कळपांची सरमिसळ, पैदाशीसाठी उसना आणलेला बोकड आणि रात्री कोंदट गोठ्यात होणारी दाटी ही धोक्याची प्रमुख कारणे होत. वरून निरोगी दिसणारी रोगवाहक शेळी त्यांत सर्वांत घातक, कारण तिच्याविषयी कोणाला संशय येत नाही. थंडी, पाऊस व लांबचा प्रवास यांनी प्रतिकारशक्ती खालावते, एवढ्यापुरती जुनी समजूत खरी आहे. पण संसर्गावाचून केवळ गारठ्याने हा रोग होत नाही. सर्व वयांच्या शेळ्यांना तो होतो. वन्य प्राणीही त्यातून सुटत नाहीत. २०१२ मध्ये तिबेटी कुरंगांत त्याची साथ आढळली.

मायकोप्लाझ्माला कोशिकाभित्ती नसल्याने पेनिसिलीन निरुपयोगी ठरते. टेट्रासायक्लीन व टायलोसीन ही औषधे वेळीच दिल्यास गुण येतो. मात्र उपचारानंतरही काही शेळ्या रोगवाहक राहू शकतात. मृत सूक्ष्मजंतूंत सॅपोनीन मिसळून केन्यात तयार करण्यात आलेली लस सुमारे एक वर्ष संरक्षण देते. नवी जनावरे कळपात सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळी बांधणे आवश्यक असते.