पुनरुत्थानाचा रविवार

येशू ख्रिस्तांच्या जन्माचा सण नाताळ सर्वांच्या परिचयाचा आहे. ख्रिस्ती धर्मात त्याहूनही थोर मानला जाणारा सण म्हणजे ईस्टर. हा येशूंच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे मरणातून पुन्हा उठण्याचा सण होय.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेम नगरात रोमन सुभेदार पिलात याच्या आज्ञेने येशूंना क्रुसावर खिळण्यात आले. तो शुक्रवार होता. खडकात खोदलेल्या कबरीत त्यांचे शव ठेवून तोंडाशी मोठी धोंड लावण्यात आली. शिष्य भयाने दडून बसले. रविवारी पहाटे मग्दालीया मरीया व इतर स्त्रिया कबरीपाशी गेल्या, तो धोंड बाजूस सरलेली आणि कबर रिकामी! येशू मरणातून उठले, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे.

पेत्र हा त्यांचा पट्टशिष्य. येशूंना पकडून नेले त्या रात्री, आपण या मनुष्याला ओळखतही नाही, असे त्याने भीतीपोटी तीन वेळा सांगितले होते. पुढे तो फार रडला. पुनरुत्थानानंतर येशू त्याला सरोवराच्या काठी भेटले, अशी कथा बायबलात आहे. त्यांनी पेत्राला दोष दिला नाही. तुझे माझ्यावर प्रेम आहे ना, एवढेच त्यांनी तीनदा विचारले आणि आपल्या अनुयायांचा सांभाळ त्याच्यावरच सोपविला. ऐन संकटात पाठ फिरविणाऱ्या मित्रावर पुन्हा विश्वास टाकणे सोपे नसते. ते करणे हाच ईस्टरचा नित्याच्या जीवनातील अर्थ होय.

या सणाची तयारी दीर्घ असते. रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. या काळात अनेक जण आवडीचे पदार्थ वर्ज्य करून वाचलेला पैसा गोरगरिबांना देतात. ईस्टरच्या आदल्या रात्री अनेक चर्चमध्ये दिवे मालवून एक मोठी मेणबत्ती पेटवितात. तिच्यावरून पहिला आपली मेणबत्ती लावतो, त्याच्यावरून शेजारी. पाहता पाहता सारे मंदिर उजळते. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये ही उपासना मराठीतून होते.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर होय. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. पौर्वात्य परंपरेतील अनेक चर्च जुन्या पंचांगाप्रमाणे गणित करतात. त्यामुळे त्यांचा ईस्टर पुष्कळदा निराळ्या दिवशी असतो.

वर्षातून एकदाच आठवावी अशी मात्र ही गोष्ट नव्हे. रविवारी पुनरुत्थान झाले, म्हणूनच ख्रिस्ती लोक दर रविवारी उपासनेस जमतात. तेथून परतताना एखादा अबोला सुटला, रुसलेल्या भावाचे दार पुन्हा ठोठावले गेले, तर त्या घरी तो रविवार ईस्टरच ठरतो.