‘तुमचे काम काय?’ : खाणीची धूळ, एक्स-रे आणि शाळेचा अर्ज

आपल्या शाळेच्या प्रवेश-अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा एक रकाना आहे. वसतिगृहात मूल ठेवायला येणारे बहुतेक पालक तो ‘मजुरी’ या एका शब्दात भरतात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज मी भरून देतो, आणि मीही ‘मजुरी’च लिहीत आलो. इतिहासाचा विद्यार्थी असूनही हा एक शब्द किती गोष्टी झाकून टाकतो, हे मला फार उशिरा उमगले.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील एका मुलाचे वडील त्याला भेटायला पाचूबंदरला आले. बस थांब्यापासून शाळेपर्यंत येताना ते तीन ठिकाणी बसले. क्षयाच्या औषधांचा क्रम दोनदा पूर्ण करूनही दम हटत नव्हता. पिशवीत एक्स-रे होते, थुंकीच्या तपासण्या होत्या, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. मात्र माणूस काय काम करतो, हे एकाही कागदावर नव्हते. “कुणी विचारले नाही का?” असे मी म्हणालो. “विचारले ना सर. मजुरी सांगितली.” पुढे बोलता बोलता कळले की, वसईच्या पूर्वेला खडी क्रशरवर येण्यापूर्वी सहा वर्षे ते गुजरातेत गारेचा दगड दळण्याच्या कारखान्यात होते.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांमध्ये त्याने आणखी एका प्रश्नाची भर घातली : तुमचे काम काय? तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तो प्रश्न आमच्या या गृहस्थांपर्यंत पोहोचला नव्हता.

गार म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. ती दळली की इतकी बारीक धूळ उडते की तिचे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. पाच मायक्रॉनहून लहान कण नाकात, घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती गाठी होतात, फुप्फुस ताठर होत जाते. हा सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही. धुळीपासून दूर होणे एवढेच हाती असते, आणि तेही वेळेवर व्हावे लागते. शिवाय ज्याच्या छातीत सिलिका असते, त्याला क्षय होण्याचा धोकाही अधिक असतो. सह्याद्रीच्या काळ्या दगडात मात्र स्फटिकरूप मुक्त सिलिका फार थोडी असते. याचा अर्थ क्रशरची धूळ निरुपद्रवी असा नव्हे. पण ‘कोणता दगड?’ हा प्रश्न ‘किती वर्षे?’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो, आणि ‘मजुरी’ या शब्दात दोहोंचेही उत्तर नाही.

येथे यंत्राची मर्यादा समजून घेतली पाहिजे. क्षय आणि सिलिकोसिस या दोहोंच्या खुणा बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. एक्स-रेमध्ये छाया दिसते. ती छाया कुठून आली हे दिसत नाही. सिलिकोसिसचे चित्र कसे वाचावे यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रमाण-चित्रांचा संचच तयार केला आहे, परंतु तो संच काढायचा केव्हा, हे रोग्याचे काम ठाऊक असलेल्यालाच सुचणार. आता संगणकही एक्स-रे वाचू लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी त्याच्या वापराला मान्यता दिली. हे स्वागतार्हच आहे, कारण गावोगावी तज्ज्ञ डॉक्टर कुठे असतात? पण क्षय शोधायला शिकवलेला संगणक क्षयच शोधतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने रक्तातील एका प्रथिनावरून सिलिकेची बाधा लवकर ओळखणारी चाचणी विकसित केली आहे. तीही कुणाची करायची, हे ठरवण्यासाठी आधी तोच जुना प्रश्न विचारावा लागतो.

तो प्रश्न दवाखान्याबाहेर, माणसांच्या घरी जाऊन पद्धतशीर विचारणे, हे सामाजिक संशोधनाचे काम. मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतील आदिवासी गोध्र्याच्या गार दळण्याच्या कारखान्यांत जात आणि खोकत परतत. कोण, कुठे, किती दिवस कामाला होता आणि केव्हा वारला, याची नोंद संघटनांनी गावागावांतून केली. कारखान्यांचे हजेरीपट बोलत नव्हते. गावकऱ्यांच्या नोंदी बोलल्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि सर्वोच्च न्यायालय अशा लांबलचक लढ्यानंतर मे २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात शासनाला दिला. पैशाने कुणी परत येत नाही. पण ‘गेला बिचारा क्षयाने’ या वाक्याच्या जागी खरे कारण सरकारी कागदावर आले.

या पद्धतीचा एक धागा आपल्या इतिहासातही आहे, आणि आपण तो फारसा सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींवर गेले. ते खाणीत खाली उतरले. मजुरांच्या राहत्या जागा त्यांनी पाहिल्या. लगेच जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला, आणि फेब्रुवारीत द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली. या समितीने खाणींसह अनेक उद्योगांतील मजुरी, घरे, आरोग्य यांची पाहणी करून स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केले. इतिहासाच्या प्रामाणिकपणासाठी हेही सांगायला हवे की, युद्धकाळात स्त्रियांना जमिनीखाली कामाला लावण्यावरील बंदी १९४३ मध्ये उठवली गेली, ती याच खात्याच्या काळात. तो निर्णय तात्पुरता आहे, असे बाबासाहेबांना विधिमंडळात सांगावे लागले. बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. आपल्या व्याख्यानांतून ही बाजू गाळली जाते. मला ती गाळावीशी वाटत नाही.

शाळेचा यात काय संबंध, असे कुणी विचारील. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे पाठ असावेत, अशी मागणी केली होती. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू असलेले जॉन ड्युई यांनीही १९१६ च्या आपल्या ग्रंथात शिक्षण जगण्यापासून तोडता येत नाही, हेच मांडले. आम्ही मात्र आवर्तसारणीत सिलिकॉन शिकवतो आणि ज्याच्या बापाच्या छातीत सिलिका साठली आहे, त्या मुलाकडून चौदा हा अणुअंक पाठ करून घेतो.

त्या दिवशी मी आणि तो मुलगा, दोघांनी मिळून वडिलांच्या कामाची हकीकत एका फुलस्केपवर उतरवली : गाव, साल, दगड, कोरडे काम की पाणी मारून, तोंडाला काय बांधत. पुढच्या डॉक्टरांनी आधी तो कागद वाचला, मग एक्स-रे उजेडाकडे धरला. क्षयाचा तिसरा क्रम सुरू झाला नाही. क्रशर सुटला, दम राहिला. भरपाईचा प्रश्नच आला नाही; कारखान्याचे नाव त्यांना ‘मोठी चक्की’ एवढेच माहीत होते, आणि मुकादमाने कधी कागद दिला नव्हता.

आपल्या वसईच्या खाडीत दगड नाही, रेती आहे. तीही खाणच. सरकारी भाषेत जिला ‘हातपाटी-डुबी’ म्हणतात, त्या पद्धतीत मजूर श्वास रोखून बादलीसह तळाशी जातो. दहा मीटर खोलीवर कानांवरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. त्याची छाती तपासून काय निघणार? त्याचे कान तपासायला हवेत. रेती ब्रासमध्ये मोजली जाते, तिची रॉयल्टी आकारली जाते. कानांची नोंद कुठल्या वहीत होते, ते मला आढळलेले नाही.

गेल्या वर्षीपासून अर्जातल्या त्या रकान्याखाली मी पेनाने चार ओळी आखून ठेवतो : कोणते काम, कोठे, किती वर्षे, कशाची धूळ वा कसले पाणी. पालकांना वेळ लागतो, मागे रांग खोळंबते, कार्यालयातून कुरकुर ऐकू येते. या जूनमध्ये एका आईने पतीच्या कामापुढे सावकाश अक्षर जुळवत लिहिले : ‘रेती. डुबी. अकरा वर्षे. डाव्या कानाने ऐकू येत नाही.’