सावडीचं छप्पर

जपानीत 'गाश्शो' म्हणजे जोडलेले हात. गिफू प्रांताच्या शिराकावा-गो भागातल्या ओगिमाची गावात शेतकऱ्यांची जुनी घरं पाहिली की 'गाश्शो-झुकुरी' हे नाव समजावून सांगावं लागत नाही. गवती छपराची दोन पाखी साठेक अंशांच्या चढानं आढ्याशी मिळतात. हिवाळ्यात इथे पुरुषभर बर्फ पडतो. चढ कमी असता तर त्या ओझ्याखाली घर बसलंच असतं. आढी दरीच्या रेषेत, उत्तर-दक्षिण. त्यामुळे सकाळी एका पाखीला ऊन मिळतं, दुपारनंतर दुसरीला.

खालचं घर सुतारांचं, वरचं गावाचं. खांब-तुळयांचे सांधे हिदाच्या नावाजलेल्या सुतारांनी जुळवायचे. छप्पर मात्र गावकऱ्यांनीच उभारायचं. भल्याथोरल्या वाशाचं खालचं टोक पेन्सिलीसारखं तासून तुळईच्या टोकाशी कोरलेल्या खळग्यात नुसतं ठेवतात. खिळा एकही नाही. बांधायला गवताचे दोर आणि 'नेसो', म्हणजे मान्साकु झुडपाच्या ओल्या, पिळलेल्या फांद्या. त्या वाळतात तशी गाठ आवळत जाते. घर फिरलं की वासे फिरतात, असं आपण म्हणतो. इथे वाऱ्यात, भूकंपात वासे जरासे हलतात, म्हणून घर टिकतं. १९३५ मध्ये इथे आलेले जर्मन वास्तुरचनाकार ब्रुनो टाउट या बांधणीतल्या तर्कशुद्धतेवर खूश झाले, यात नवल नाही.

छपराखालच्या दोन-तीन माळ्यांवर रेशमाचे किडे पोसायचे. जमिनीखाली तर आणखी अजब उद्योग: चुलीजवळ खड्डा खणून माती, रानगवत आणि किड्यांची विष्ठा थरांनी भरायची, काही वर्षं मुरवायची आणि त्यातून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढायचा. शेजारच्या गोकायामातून तो कागाच्या सरदारांकडे जाई.

या सगळ्याला ऊब देणारी 'इरोरी', म्हणजे जमिनीतली उघडी चूल. तिचा धूर माळ्यांच्या फटींतून वर चढतो, गवत कोरडं राखतो, कीड मारतो, दोरांवर काजळीचा लेप चढवतो. असं छप्पर तीस-चाळीस वर्षं निघतं.

मग शाकारणी. तिथल्या सावडीला 'युई' म्हणतात. शंभर-दोनशे माणसं एकाच वेळी छपरावर; बाहेरचा गडी लांबलचक सुईनं दोर आत खुपसतो, माळ्यावरचा तो वाशाभोवती फिरवून परत देतो. आज तुझं, उद्या माझं. माझ्या मते या घरांचा खरा आधारखांब हाच. १९७१ मध्ये गावानं ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९९५ मध्ये ओगिमाचीला गोकायामातल्या दोन गावांसह जागतिक वारसा यादीत जागा मिळाली.

पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या काही घरांत इरोरी अजून पेटवतात. गेलात तर धुरानं डोळे चुरचुरतील. तक्रार करू नका.