आंबेडकर विरळ, कांबळे दारोदारी

कोल्हापूरच्या बिंदू चौकातला बाबासाहेबांचा पुतळा 1950 सालचा. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने तो बाबासाहेबांच्या हयातीतच उभा राहिला. पण याच शहरातल्या आपल्या वस्त्यांतून फिरलो, तर दारावरच्या पाटीवर 'आंबेडकर' क्वचितच दिसते. दिसते ते 'कांबळे'. असे का?

कारण आंबेडकर हे एका गावाचे आडनाव आहे. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर आणि त्याचे पुढे आंबेडकर. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातले, तेव्हाची रजिस्टरातली नोंद 'भिवा रामजी आंबेडकर' अशी आहे. त्याच शाळेतल्या एका ब्राह्मण शिक्षकांचे आडनावही आंबेडकरच होते. म्हणजे 'कर' गाव सांगतो, जात नव्हे.

कांबळे मात्र एका गावाला बांधलेले नाही. कोल्हापूर-सांगलीपासून सीमेपलीकडे बेळगाव-चिकोडीपर्यंत ते पसरले आहे आणि चर्मकार, मातंग समाजांतही आहे. शाहू महाराज ज्यांच्या हॉटेलात मुद्दाम चहा प्यायला जात, ते गंगाराम कांबळे आपल्याच कोल्हापूरचे. तरी भाड्याची खोली बघायला गेल्यावर 'कांबळे' म्हटले की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे आपल्या पोरांना कुणी शिकवायला नको. मग काही जण गावावरून नवे 'कर' लावून घेतात. आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. बाबासाहेबांचे आडनाव तरी गावावरूनच आले. फक्त लपण्यासाठी बदलणार असाल, तर घरमालक पुढचा प्रश्न गावाचाच विचारतो!

मुळात कागदोपत्री पक्के आडनाव ही जुनी गोष्ट नाही. 1818 च्या लढाईतल्या महार सैनिकांची भीमा कोरेगावच्या स्तंभावरची नावे पाहा. शेवटी 'नाक', आडनाव नाहीच. आपल्या पणजोबांच्या नोंदीही अशाच निघू शकतात, आणि इथे खरी अडचण होते. जात पडताळणीत 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. त्यावर आडनाव नसेल किंवा वेगळे असेल, तर नाते जोडून दाखवावे लागते. म्हणून आडनाव बदलायचेच तर राजपत्रात प्रसिद्ध करून बदला आणि वडील-आजोबांचे शाळेचे दाखले सांभाळा. तहसील कचेरीतून कोतवाल बुकातल्या नोंदीची नक्कल आत्ताच काढून ठेवा, प्रवेशाची यादी लागायची वाट पाहू नका.