सुईवरचं उड्डाण

नोव्हेंबर 2025मध्ये दिल्ली विमानतळाजवळ काही विमानांना जीपीएसचे बनावट संकेत मिळाले आणि ‘स्पूफिंग’ हा शब्द घरोघरी पोचला. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तराचा एक भाग मात्र फारसा चर्चेत आला नाही. धावपट्टीच्या ज्या टोकाला जमिनीवरची पारंपरिक रेडिओ यंत्रणा सुरू होती, तिथली वाहतूक सुरळीत राहिली होती.

त्याच पारंपरिक यंत्रणांपैकी एक म्हणजे व्हीओआर. हे केंद्र दोन संकेत सोडतं. एक सगळ्या दिशांना सारखा, दुसरा दिशेनुसार मागेपुढे सरकणारा. दोन्हींतल्या फरकावरून कॉकपिटमधल्या उपकरणाला कळतं, की विमान केंद्रापासून कितव्या अंशाच्या रेषेवर, म्हणजे रेडियलवर आहे.

व्हीओआरच्या शिकवणीची सुरुवात कानापासून होते. मुंबईचं व्हीओआर 116.6 मेगाहर्ट्झवर लावलं की मोर्समध्ये ‘बीबीबी’ वाजतं: एक लांब, तीन आखूड, असं तीनदा. ही ओळख पटल्याशिवाय उपकरणाच्या सुईवर विश्वास ठेवायचा नाही, हा पक्का नियम. केंद्र दुरुस्तीत असताना ओळखसंकेत काढून घेतलेला असतो, पण सुई तरीही हलू शकते.

खरी कसोटी पुढे असते. विमानाचं नाक कुठे आहे, हे या सुईला कळतच नाही. विमान आहे तिथेच गरकन वळलं तरी ती ढिम्म असते. केंद्राकडे पूर्वेला जाताना उपकरणावर 090 ऐवजी चुकून 270 लावलं, तर सुई उलटं सांगू लागते. ती डावीकडे असताना मार्ग उजवीकडे असतो. भल्याभल्या हुशार विद्यार्थ्यांची इथे दांडी उडते.

त्यात वारा. सुई जरा सरकली की विद्यार्थी तिच्यामागे वळतो, मग पलीकडे जातो, आणि मार्ग नागमोडी होतो. वास्तविक उपकरणावरचा एक ठिपका दोन अंशांचा. 60 नॉटिकल मैलांवर तो सुमारे दोन मैलांची चूक दाखवतो, 15 मैलांवर जेमतेम अर्ध्या मैलाची. म्हणून चांगला प्रशिक्षक आधी एक दिशा धरायला लावतो, सुई किती झपाट्याने सरकते ते बघायला लावतो आणि मगच वाऱ्यासाठी पाच-दहा अंश देऊ देतो.

या यंत्रणेलाही मर्यादा आहेत. व्हीओआरचे संकेत सरळ रेषेत जातात, त्यामुळे सह्याद्रीच्या आडोशाला खालून उडणाऱ्या विमानापर्यंत ते पोचतीलच असं नाही. त्याहून जुन्या एनडीबी या रेडिओ यंत्रणेची सुई तर वळिवाच्या ढगांतल्या विजेकडेही वळते.

तरीही एप्रिल 2024मध्ये एस्टोनियातल्या टार्टूत जे घडलं ते विसरता येत नाही. तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवरच बेतलेली होती. संकेतांत अडथळा आला, फिनएअरची दोन विमानं लागोपाठच्या दिवशी हेलसिंकीला परतली आणि कंपनीने ती सेवा महिनाभर थांबवली. अमेरिकेने अनेक व्हीओआर बंद केले, पण उपग्रह गेले तरी 100 नॉटिकल मैलांच्या आत उतरायला विमानतळ मिळावा, इतकी केंद्रं राखायचं ठरवलं.

आपल्याकडेही किमान जाळं राखलं जातं आणि व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या (सीपीएल) परीक्षेत हा विषय आहे. पण पेपर पाठांतराने सुटतो. काचेच्या पडद्यावर नकाशा सतत सरकत असताना विद्यार्थ्याची नजर सुईकडे जाणार कशी? प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून, प्रशिक्षक शेजारी बसलेला असताना, तो पडदा झाकून निदान एक लांबचं उड्डाण फक्त व्हीओआरवर करून घ्यायला हवं आणि त्याची नोंद लॉगबुकात वेगळी व्हायला हवी.